मॉनिटर लागतो आणि दोन सेकंदांत काळा होतो. दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. २४ इंची मॉनिटर आहे, दहा वर्षांहून जास्त जुना. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह येतं, पाठोपाठ चित्र येतं आणि दोन सेकंदांत पडदा काळाकुट्ट. बटणाजवळचा निळा दिवा मात्र चालूच राहतो. आधी हे फक्त सकाळी, मॉनिटर गार असताना व्हायचं. चार-दोनदा बंद-चालू केलं की लागायचा आणि मग दिवसभर कुरकुर नसायची. आता काही केल्या दाद देत नाही.

केबल बदलून पाहिली. तोच लॅपटॉप दुसऱ्या पडद्याला जोडला तर व्यवस्थित चालतो. एका दुरुस्तीवाल्याने मॉनिटर न उघडताच "पॅनल गेलंय, नवीनच घ्या" असं सांगितलं.

नवीन घ्यायला हरकत नाही. अडचण एवढीच की हा १९२० बाय १२०० पिक्सेलचा आहे आणि माझं काम मुद्रितशोधनाचं. पानाचा जास्तीत जास्त भाग एका नजरेत दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दुकानात बघावं तिथे १९२० बाय १०८०. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

तिरकस

दहा वर्षं चालला म्हणजे पैसे केव्हाच वसूल झाले. नवीन घ्या आणि कामाला लागा.

डागवाला

थांबा ताई, इतक्यात काही घेऊ नका. न उघडता पॅनल गेल्याचं कळलं कसं, हे त्या गृहस्थांना विचारायला हवं होतं.

एलसीडी पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, स्वतः उजेड देत नाही. त्याच्यामागे बॅकलाइट असतो. जुन्या मॉनिटरमध्ये बारीक नळ्या, नंतरच्यांमध्ये एलईडीच्या पट्ट्या. चित्र दिसून दोन सेकंदांत काळं होणं हे बहुतेक वेळा बॅकलाइट बंद पडल्याचं लक्षण असतं. बॅकलाइट चालवणाऱ्या सर्किटला काही बिनसल्याचं जाणवलं की ते स्वतःला वाचवण्यासाठी उजेड तोडतं. चित्र तेव्हाही पॅनलवर असतंच, फक्त मागे उजेड नसल्यामुळे दिसत नाही.

खात्री करून घ्या. पांढऱ्या पानावर मोठ्या काळ्या अक्षरांचा मजकूर उघडून ठेवा, खोलीत अंधार करा आणि पडदा काळा झाला की टॉर्च अगदी जवळून, तिरका धरून बघा. अक्षरं पुसट का होईना दिसली तर पॅनल शाबूत आहे, चित्र तयार करणारा बोर्डही शाबूत आहे. काहीच दिसलं नाही तर पुढचं बोलू.

चष्मिष

त्याआधी एक फुकटातला उपाय. भिंतीतला प्लग काढून मॉनिटरचं पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, काही मिनिटं तसाच राहू द्या आणि मग दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा. तुमच्या मॉनिटरला बाहेरून अॅडॉप्टर असेल तर पहिला संशय त्यावर घ्या. अॅडॉप्टर थकला की तो अर्धवट वीज देतो, म्हणजे निळ्या दिव्यापुरती पुरते आणि बॅकलाइटने ओढ घेतली की बसते. बदलायचा झाला तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचे धन-ऋण जुळलेच पाहिजेत.

अक्षरजुळणी

अॅडॉप्टर नाही, सरळ जाडी वायर जाते. सॉकेट बदलून फरक पडला नाही.

पण टॉर्चने दिसतंय! अक्षरं वाचता येतात, माउस हलवला की बाणही हलताना दिसतो. म्हणजे पॅनल ठीक?

डागवाला

ठीक. आता संशयित उरले तीन: पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवून लागेल तशी सोडणारे छोटे डबीसारखे भाग), बॅकलाइट चालवणारं सर्किट आणि खुद्द बॅकलाइट.

तुमच्या वर्णनातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे "गार असताना लागत नव्हता, गरम झाला की दिवसभर चालायचा". इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे झाले की नेमके असेच वागतात. आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो, कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि बॅकलाइट पेटताना लागणारा झटका त्याला पेलत नाही. थोडा तापला की रोध जरा उतरतो, म्हणून काही दिवस बंद-चालू करून निभावतं. मग तेही थांबतं. शिवाय २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटर जगभर इतक्या उपकरणांत गेले होते की तेव्हाचे मॉनिटर उघडले की फुगलेली टोपणं पाहायची सवयच होऊन गेली होती.

उघडल्यावर डोक्यावर सपाट असलेला कपॅसिटर सहसा बरा (सहसाच; काही सपाट राहूनही मेलेले असतात), फुगलेला किंवा तपकिरी ओघळ आलेला गेलेला. बदलताना मायक्रोफॅरड (साठवण्याची क्षमता) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, तापमान १०५ अंशांचं आणि स्विचिंग सप्लायसाठीचा कमी रोधाचा प्रकार हवा. साधा कपॅसिटर टाकला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. आणि फुगलेला एकच दिसला तरी त्या ओळीतले सगळे बदलून घ्यावेत. सगळे एकाच वयाचे असतात, एकाच उष्णतेत शिजलेले.

सुटे भाग अगदी किरकोळ किमतीचे असतात. पैसे लागतात ते कारागिराच्या वेळेचे.

वीजतंत्री

डागवाला यांच्या निदानाशी सहमत, पण हे वाचून कोणी घरी पेचकस घेऊन बसू नये.

पॉवर बोर्डावर एक जाडजूड कपॅसिटर असतो, ४०० किंवा ४५० व्होल्टचा. २३० व्होल्टच्या विजेवर त्याच्यात ३०० च्या वर डीसी व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. बोर्ड बिघडलेला असेल तर "काही काळ" म्हणजे किती याची हमी कोणी देऊ नये. नळ्यांचा बॅकलाइट असेल तर इन्व्हर्टरमधून (घरातला नव्हे, नळ्या पेटवणारं आतलं सर्किट) निघणारा दाब याहूनही जास्त. ज्याने आजवर डाग दिलेला नाही, मल्टिमीटर हाताळलेला नाही, त्याने पहिला धडा इथे गिरवू नये.

ताई, संगणकाच्या दुकानापेक्षा टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर गाठा. हे काम त्यांच्या रोजच्यातलं आहे. जाताना "पॅनल दिसतंय, बॅकलाइट तुटतो, पॉवर बोर्ड बघा" एवढंच सांगा. ग्राहकाला काही माहिती आहे असं कळलं की निदानही नीट होतं, हा माझा अनुभव.

हिशेबी

दुरुस्ती स्वस्त आहे म्हणून ती करावीच असं नाही. दुरुस्तीच्या खर्चाला पुढे मिळणाऱ्या वर्षांनी भागून बघा. कपॅसिटर बदलले तरी बॅकलाइट दहा वर्षांचाच राहणार. बॅकलाइटचं आयुष्य उजेड निम्मा होईपर्यंतच्या तासांत मोजतात, म्हणजे तो विझण्याच्या कितीतरी आधी मंद झालेला असतो. तुमचा ब्राइटनेस गेल्या काही वर्षांत हळूहळू शंभरावर गेलाय का? गेला असेल तर समजा की उतरंड सुरू आहे. मी स्वतः नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशापलीकडे दुरुस्तीला जात नाही. बॅकलाइट बदलायची वेळ आली तर तर मुळीच नाही. त्यासाठी पॅनल सुटं करून प्रकाश पसरवणारे पापुद्रे उचलावे लागतात, आणि परत लावताना धूळ अडकली की ती पांढऱ्या पानावर कायमची दिसते.

आता उंचीबद्दल, कारण तुमचा खरा मुद्दा तो आहे. तुमच्या पडद्याची उंची साधारण ३२.३ सेंटिमीटर आहे. २४ इंची १९२० बाय १०८० घेतलात तर ती ३० च्या आत येते आणि १२० ओळी पिक्सेल कमी होतात. रोज चिडचिड होईल. पण २७ इंची २५६० बाय १४४० घेतलात तर उंची ३३.६ सेंटिमीटर आणि पिक्सेल २४० ने जास्त. इंचाला साधारण ९४ पिक्सेलवरून १०९ वर जाल, म्हणजे अक्षर थोडं लहान पण जास्त कोरीव. देवनागरीतल्या जोडाक्षरांना आणि रफारांना हा फरक चांगलाच जाणवतो. २७ इंचात १९२० बाय १०८० मात्र चुकूनही नको. इंचाला ८२ पिक्सेलच, अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात.

आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनल) घ्या, आणि उभा फिरणारा स्टँड. पान उभं करून वाचायची एकदा सवय लागली की १९२० बाय १२०० ची आठवणही येणार नाही.

तिरकस

एवढं वाचून झाल्यावरही माझं मत तेच. नवीन घ्या, तेही २७ इंचीच. जुना लागलाच तर बाजूला मेल उघडून ठेवायला.

नवखा_पाहुणा

धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझ्या मॉनिटरवर एक हिरवी उभी रेघ आली आहे, वरपासून खालपर्यंत. कपॅसिटर बदलून जाईल का?

डागवाला

नाही. आधी मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा, ब्राइटनेस वगैरे असतो तो. रेघ मेनूवरूनही आरपार जात असेल तर दोष मॉनिटरचाच, ग्राफिक्स कार्डाचा नाही. संगणकावर स्क्रीनशॉट घेऊन तो फोनवर पाहिला तर त्यात रेघ नसेल.

एकच बारीक, पूर्ण लांबीची उभी रेघ म्हणजे बहुधा काचेच्या कडेला चिकटवलेल्या लवचीक पट्टीचा सांधा सुटलाय. तो डाग देऊन जोडलेला नसतो, उष्णता आणि दाब देऊन खास यंत्रावर चिकटवलेला असतो. चौकटीवर दाबल्यावर रेघ जात असेल तर निदान पक्कं, उपाय नव्हे. पॅनल बदलणं हा मार्ग आहे, पण सुटं पॅनल जवळपास नव्या मॉनिटरच्या किमतीत जातं आणि तेही मिळालं तर. हमीचा काळ शिल्लक असेल तर आधी बिल शोधा. नसेल तर रेघ सोसेल तोवर वापरा, मग बदला.

अक्षरजुळणी

सगळ्यांचे आभार, निकाल कळवते. टीव्हीवाल्या काकांकडे नेला. माझ्यासमोरच उघडला. पॉवर बोर्डावर दोन कपॅसिटर फुगलेले आणि एकाच्या बुडाशी ओघळ. त्यांनी अख्खी ओळ बदलली, खर्च हिशेबींच्या एक तृतीयांशाच्या बराच आत बसला. मॉनिटर आता पहिल्या दाबात लागतो.

पण बॅकलाइट नळ्यांचाच आहे, आणि ब्राइटनेसचं विचारलंत ते बरोबर होतं, शंभरावरच आहे. कोपरे पिवळट दिसतात. तेव्हा नळ्या जातील तेव्हा दुरुस्ती नाही, सरळ २७ इंची १४४०. तोवर हाच. पिवळेपणा कमी करायला काही करता येतं का?

डागवाला

मेनूत रंगाचं तापमान ६५०० केल्विनवर ठेवून बघा. तरी पिवळा वाटला तर लाल आणि हिरवा दोन-चार अंकांनी उतरवा, निळा वाढवू नका. उजेड थोडा आणखी घटेल. कोपऱ्यांचं काही होणार नाही, नळ्यांची टोकं आधी काळवंडतात.

वीजतंत्री

आणि टाकून द्यायची वेळ येईल तेव्हा कचऱ्यात नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. त्या नळ्यांत पारा असतो.