रविवारी सकाळी क्लबहाऊस : कोणाची हरकत?

सचिव (ए-101): नमस्कार. मागच्या गल्लीतल्या मनपा शाळेच्या मुख्याध्यापिका आज ऑफिसात येऊन गेल्या. आठवीची 22 मुलं डिसेंबरात एनएमएमएसला बसणार आहेत. जादा तासांना जागा हवीय. बरेच रविवार त्यांची इमारत कुठल्या ना कुठल्या परीक्षेचं केंद्र असते. दिवाळीनंतर सहा रविवार, सकाळी 8 ते 10, आपल्या सोसायटीचं क्लबहाऊस. हरकत असल्यास आजच कळवावे.

सी-404: क्लबहाऊस बाहेरच्यांना द्यायचं नाही असा एजीएमचा (वार्षिक सभेचा) ठराव आहे. मिनिट्स काढा.

बी-203: तो हळदीच्या डीजेनंतर केलेला ठराव हो काका.

सी-404: ठरावात डीजे हा शब्द नाही.

ए-302: एनएमएमएस म्हणजे? आमच्याकडे ऑलिम्पियाड असतं, हे कधी ऐकलं नाही.

बी-104: तुमच्या शाळेत ऐकू येणारच नाही. ही शिष्यवृत्ती खासगी विनाअनुदानित शाळांना नाहीच. सरकारी, मनपा, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी केंद्राची आहे. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला 55 टक्के हवेत. लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000. मी शिकवत होते तेव्हा 6,000 होते, 2017 पासून दुप्पट झाले. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत धरून ठेवतो, नववीला हात सोडतो. त्याच वर्षी मुलगा गॅरेजला लागतो नाहीतर मुलगी धाकट्या भावंडांपाशी घरी बसते. महिना हजार रुपये तुम्हाला किरकोळ वाटतील. क्लासची फी, बसचा पास, आणि "शाळेत जाऊन काय मिळतं" म्हणणाऱ्या बापाचं तोंड बंद, एवढं त्यात होतं.

डी-201: पण मॅडम, आठवीपर्यंत तर कोणी नापासच होत नाही. अभ्यास करतात तरी का ही मुलं?

बी-104: तो नियम डिसेंबर 2023 ला बदलला राज्याने. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते आता. आठवीला विषयाला 60 गुण, पास व्हायला 21. नाही मिळाले तर पुन्हा परीक्षा, तिथेही नाही मिळाले तर त्याच वर्गात.

डी-201: हे माहीत नव्हतं. तरी मनपाच्या शाळेत शिक्षक असतात कुठे, बीएलओच्या, म्हणजे मतदारयाद्यांच्या कामालाच जुंपलेले असतात.

बी-302: हे मात्र खरंय. माझी मुलगी सातवीत आहे तिथे.

ए-302: तुमची?? 😮

बी-302: हो, माझी. गेल्या जूनपासून. आधीच्या शाळेची बसची फी आपल्या मेंटेनन्सपेक्षा जास्त झाली, तेव्हा घातली. सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. वर्गात 48 मुलं आहेत, कायद्यात सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे 35 लिहिलंय. मतदारयाद्यांचं काम आलं की आठवडाभर गणिताचा तास रिकामा.

प्रयोगशाळेचं म्हणाल तर एक कपाट. त्याची किल्ली बदली झालेल्या सरांबरोबर गेलेली. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक लागतात, त्यातही निम्म्या बायका, म्हणून मला घेतलं. पहिल्याच सभेत कपाटाचा विषय काढला. तीन सभा गेल्या. शेवटी कोपऱ्यावरचा किल्लीवाला आणून उघडलं. आत दोन सूक्ष्मदर्शक, प्लास्टिकच्या पिशवीसकट कोरे. सातवीला पेशीचा धडा आहे. बाईंनी कांद्याची साल सोलून काचेवर ठेवली, 48 जणांची रांग लागली, प्रत्येकाला पाच-सहा सेकंद. लेक घरी येऊन म्हणाली, "आई, विटांची भिंत असते तसं दिसतं गं." दोन दिवस आमच्याकडे प्रत्येक कांदा सोलायच्या आधी तिला दाखवावा लागत होता.

डी-201: 😄

ए-302: नाही, शाळेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ती मुलं म्हणजे आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचीच ना?

बी-302: काही जण आहेत. लेकीच्या बाकावरची मैत्रीण सी विंगला पोळ्या करतात त्या मावशींची आहे. सेमी असल्यामुळे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. आमची लेक इतिहासात चौथाई आणि सरदेशमुखीपाशी अडखळायची, ते तिनेच समजावलं. आता दोघी मिळून माझी वही तपासतात.

बी-203: तुझी कसली वही?

बी-302: चवीची. पोषण आहाराचे डबे आले की वाढण्याआधी शिक्षकांनी नाहीतर पालकांनी चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं. माझी पाळी बुधवारी. एकदा मटकीची उसळ तिखटजाळ होती, लिहिलं "तिखट". पुढचा अख्खा आठवडा अळणी! तेव्हापासून बेतानं लिहिते. तांदूळ सहावीच्या पुढे माणशी 150 ग्रॅम, पाचवीपर्यंत 100. पण आठवीची मुलं खेळून आली की 150 कुठल्या कुठे जातात.

सी-404: विषयावर या. स्वच्छतागृह कोण वापरणार, पंखे-दिवे कोण बंद करणार, चपला कुठे ठेवणार?

सचिव (ए-101): मुख्याध्यापिका बाई स्वतः थांबणार आहेत पूर्णवेळ.

सी-404: रविवारी? त्यांना कोणी सांगितलंय?

बी-104: कोणी नाही. शिकवणीचे पैसेही नाहीत त्याचे.

(बी-203 च्या फोनवरून): काका मी आईच्या फोनवरून लिहितोय. रविवारी 10 नंतर टेबल टेनिस चालू राहील ना?

सचिव (ए-101): राहील रे बाळा.

डी-201: पेपर कसा असतो यांचा? काही मदत लागली तर रविवारी मी मोकळा असतो.

बी-104: दोन पेपर, 90-90 प्रश्न, दीड-दीड तास. एक बुद्धिमत्तेचा. दुसरा शालेय विषयांचा, त्यात विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. मुलं अडतात बुद्धिमत्तेच्या पेपरात, कारण ते वर्गात कोणी शिकवत नाही. हे बघा नमुन्याला: 7, 26, 63, 124, पुढे काय?

डी-201: फरक 19, 37, 61. मग पुढे 91? म्हणजे 215. पण 91 का, ते सांगता येत नाहीये 😅

बी-203: आमच्याकडे 189 आलं. ते कसं आलं ते विचारू नका.

ए-302: आमचे हे आयटीत आहेत. म्हणतायत प्रश्न चुकीचा आहे.

सी-404: 215. दोनाचा घन 8, वजा 1. तिनाचा 27, वजा 1. चाराचा, पाचाचा तसंच. सहाचा घन 216. यात चुकीचं काय आहे?

बी-203: काका, तुम्ही जागे!

सी-404: बँकेत 34 वर्षं आकड्यांतच गेली. मिनिटाला एक प्रश्न म्हणजे घन पाठ पाहिजेत, 1 ते 15 तरी. मांडत बसले की वेळ गेला. बाईंना सांगा, पहिल्या रविवारी घनांचा तक्ता लावून घेऊ. माझ्याकडे जाड पुठ्ठा आहे.

सचिव (ए-101): म्हणजे काका, हरकत नाही असं लिहू?

सी-404: हरकत नाही असं मी म्हटलेलं नाही. ठराव हा ठराव आहे. पुढच्या एजीएमला दुरुस्ती मांडतो, "शैक्षणिक कारण वगळता". अनुमोदक लागेल.

बी-302: मी.

सी-404: चालेल. तोवर किल्ली साडेसातला माझ्याकडून न्यावी, वॉचमनची तेव्हा ड्युटी बदलत असते. चपला बाहेर, ओळीत.