लग्न पुढे ढकलणाऱ्या जोडप्याची सुखान्तिका सोलापुरात पटेल का?

प्रश्न – नाट्यलेखिका, सोलापूर
आमच्या हौशी संस्थेसाठी मी दोन अंकी प्रेमविनोदी नाटक लिहीत आहे. त्यातील दोघेही सोलापूरचे, पुण्यात नोकरी करणारे आणि एकमेकांवर मनापासून प्रेम करणारे आहेत. परंतु लग्नाचा विषय निघाला की दोघेही तो पुढे ढकलतात. पहिल्या वाचनानंतर ज्येष्ठांनी ‘यांचे नेमके अडले कुठे?’ असे विचारले. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातील प्रेक्षकाला ही चालढकल पोरकट न वाटता खरी वाटावी, यासाठी काय करावे?

उत्तर – पुणेस्थित सोलापूरकर
ज्येष्ठांचा प्रश्न रास्त आहे. पूर्वी घरचा विरोध किंवा पैशाची अडचण असे, त्यामुळे नाट्य आयते मिळे. आता दोघे कमावते आणि घरचे राजी असल्यावर अडसर मनातच शोधावा लागतो. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) हा सतीश राजवाडे यांचा चित्रपट एका दिवसाच्या भेटीवर उभा होता. 2015 च्या दुसऱ्या भागात मात्र लग्न ठरलेले असते, दोन्ही घरे आनंदात असतात आणि नेमकी तेव्हाच वधू डळमळते. असा संशय नुसत्या संवादांतून पेलत नाही, त्याला हाताशी धरता येईल अशी वस्तू लागते.

माझ्या मते ती वस्तू भाडेकरार असावी. पुण्यात घर बहुधा अकरा महिन्यांच्या कराराने मिळते. तुमच्या जोडप्याने तो आजवर बिनतक्रार वाढवला आहे आणि या वेळी घरमालक म्हणतो, ‘तीन वर्षांचा करू या.’ पेन हातात घेऊन दोघेही एकमेकांकडे पाहतात, पण सही कोणीच करत नाही. त्यांच्या मनातली भीती दाखवायला एवढे पुरेसे आहे.

उत्तर – विजापूर रोड
कृपया आईवडिलांना खलनायक करू नका. मुलाच्या आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा तिच्यासाठी वेगळा बांधून द्यावा, आणि तो घ्यायचा की नाही, यावरच तिची घालमेल व्हावी. प्रेम असूनही माणूस का कचरतो, हे त्यातून अधिक कळेल.

उत्तर – गड्ड्याचा वारकरी
दुसरा अंक गड्डा यात्रेत, म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या यात्रेत ठेवावा. सिद्धेश्वरांशी विवाहाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास सांगितले, अशी आख्यायिका आहे, आणि संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर तो प्रतीकात्मक विवाह आजही होतो. नंदीध्वज (यात्रेतील मानाच्या उंच काठ्या) उभे आहेत, संमती वाचन (या विवाहाचे पठण) चालू आहे, हजारो हातांत अक्षता आहेत आणि भेटणारा प्रत्येक नातेवाईक या दोघांना ‘तुमच्या अक्षता कधी?’ असे विचारतो आहे; या गर्दीत त्यांना विषय टाळायला जागाच उरणार नाही. विनोदही आपोआप होईल, मात्र तो विधीच्या अंगावर जाऊ देऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. कराराची मुदत संक्रांतीच्याच आठवड्यात संपते असे धरून मी दुसरा अंक नव्याने लिहायला घेते. सही मात्र रंगमंचावर व्हावी की पडदा पडल्यावर, याविषयी आपले मत अवश्य कळवावे.