मदत हवी आहे: १० बाय १२ च्या खोलीसाठी बंद पेटीचे स्पीकर की भोकाचे?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो. खोली १० बाय १२ फूट, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. दुकानात ऐकून मोहात पडलो आणि साडेसहा इंची, मागे भोक असलेले स्पीकर आणले. दुकानात डग्गा काय सुंदर वाजत होता! घरी आणल्यावर प्रत्येक थाप नुसती घुमते, आणि शेजारच्या काकू विचारतात, "घरात गिरणी टाकली का रे?"

हिशोब केला तर १२ फुटांच्या लांबीला साधारण ४७ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, ९४ ला, खोलीच घुमते. त्यात माझा पलंग मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे बास (खालचा जड आवाज) सगळ्यात जास्त साठतो तिथंच माझं डोकं. दोन फूट पुढं सरकून बसलो तर बराच फरक पडतो. पण रोज खोलीच्या मधे खुर्ची मांडली की आई ओरडते. भिंतीवर सोलापुरी चादरी टांगून पाहिल्या. टाळीचा खणखणाट गेला, बास तसाच. भोकात पायमोजा कोंबला, तेव्हा कुठं थोडं आवरलं.

म्हणून विचारतोय: बंद पेटीचा बास खालच्या स्वरांकडे एकदम न तुटता हळूहळू कमी होतो आणि भिंतीजवळ खोली तो भरून काढते म्हणतात. एवढ्याशा खोलीत कुणी प्रत्यक्ष वापरलाय का? की पाच इंची घेऊन सोबत छोटा सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) अगदी हळू आवाजात ठेवावा? बजेट २५ हजार, हे विकून आलेले धरून. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय, तेही रात्री, पंखा चालू असताना.