फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड : पिकअपला पिकअप आहे का?

एडिसनचा_बाब्या

नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून हसू नका, प्रश्न खरंच तोच आहे.

आम्ही न्यू जर्सीत. घरात २००९ची कोरोला आहे, १३२ हॉर्सपॉवरची, आता म्हातारी झाली. मला पिकअप ट्रक हवाय कारण दर स्प्रिंगला मल्चच्या गोण्या असतात आणि गणपतीत ढोलताशा पथकाचे ढोल न्यायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. मागच्या वर्षी दोन ढोल मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून नेलेत. मोठा ट्रक आमच्या ड्राइव्हवेत मावत नाही म्हणून मॅव्हरिक बघतोय, जुनी, २०२२ किंवा २३ची. त्यात दोन इंजिनं मिळतात. हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर) आहे अडीच लिटरची, एकूण १९१ हॉर्सपॉवर, आणि दुसरं दोन लिटर टर्बो, २५० हॉर्सपॉवर. शून्यापासून ताशी ६० मैल वेग गाठायला हायब्रिडला ७.७ सेकंद लागतात आणि टर्बो ऑल-व्हील-ड्राइव्हला (चारही चाकांवर चालणारी) ५.९ असं मासिकांच्या टेस्टमध्ये वाचलं.

मायलेज बघितलं तर हायब्रिडच घ्यावी, शहरात गॅलनला ४२ मैल म्हणजे कोरोलापेक्षाही जास्त. पण आमचं रोजचं जाणंयेणं रूट २२ वरनं, युनियनच्या त्या पट्ट्यातनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथे दुकानं दोन्ही बाजूच्या रस्त्यांच्या मधोमध बेटावर आहेत आणि दुकानातनं बाहेर पडलं की गाडी थेट डावीकडच्या फास्ट लेनमध्ये घुसवावी लागते, रॅम्प नावालाच. बायको म्हणते तिथे ट्रक ढिम्म राहिला तर मी चालवणार नाही. टेस्ट ड्राइव्ह घेतली पण सेल्समन शेजारी आणि पुढे सिग्नलच सिग्नल, एकदा दाबून बघितलं तर इंजिन मिक्सरसारखं ओरडलं आणि गाडी त्या मानाने पळाली नाही असं वाटलं. कुणी रोज वापरतंय का?

---

तात्या_ट्रेंटन

तीन वर्षं झाली, २०२२ची हायब्रिड आहे माझ्याकडे. पिकअपला पिकअप आहे, पण कुठे आहे आणि कुठे नाही ते समजून घे.

सिग्नल सुटल्यावर ० ते ३० मैलापर्यंत ही गाडी मस्त निघते. कारण तिथे काम करते ती इलेक्ट्रिक मोटर, १२६ हॉर्सपॉवरची, आणि मोटरचा टॉर्क चाक हलायच्या आधीपासनं हजर असतो. टर्बोला श्वास घ्यायला अर्धा क्षण लागतो, हिला नाही. रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे शंभरातलं नव्वद वेळा हेच असतं ना, सिग्नल, स्टॉप साइन, डावीकडे वळताना समोरच्या दोन गाड्यांच्या मधनं निसटणं. तिथे मला आजवर कधी कमी पडलेलं नाही.

आता ते मिक्सर प्रकरण. हिच्यात पडणारे-बदलणारे गिअर नाहीत, ई-सीव्हीटी आहे. नावात सीव्हीटी असलं तरी साध्या सीव्हीटीसारखा आत पट्टा नसतो, दोन मोटरी आणि एक प्लॅनेटरी गिअरसेट, बास. तू पाय पूर्ण दाबलास की कॉम्प्युटर इंजिनला जिथे जास्तीत जास्त ताकद मिळते त्या आरपीएमला नेऊन बसवतो आणि तिथेच धरून ठेवतो. म्हणजे आवाज आधी वरती जातो आणि स्पीड मागनं येतो. आपल्या कानाला सवय आहे आवाज चढला की गिअर पडणार आणि आवाज उतरणार याची, ते होत नाही म्हणून गाडी ढिली वाटते. एकदा आवाज विसरून नुसत्या स्पीडोमीटरच्या काट्याकडे बघ (म्हणजे शेजारी बसलेल्याला बघायला सांग, तू रस्त्याकडे बघ बाबा).

आणि कोरोलाशी तुलना करायची तर वजनाने भागून बघ. मॅव्हरिक हायब्रिड साधारण १६७० किलो, म्हणजे एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला पावणेनऊ किलो. तुझी कोरोला साडेबाराशे किलोच्या आसपास धर, तिथे साडेनऊ येतात. त्या कोरोलाने तू इतकी वर्षं रूट २२ वर घुसतोयसच ना? मग हिला घाबरायचं कारण काय!

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. हळू चालताना पेट्रोल इंजिन बंद असतं, अचानक फुल्ल दाबलं तर ते जागं होईपर्यंत एक बारीकसा क्षण जातो. त्यामुळे घुसायचं ठरलं की अर्धवट दाबून चाचपायचं नाही, जागा दिसली की नीट दाबायचं. स्पोर्ट मोड लावला तर पेडल लवकर ऐकतं.

---

सुसाट_सुऱ्या

टर्बो घे. २५० घोडे. आयुष्य एकदाच मिळतं, मायलेज मोजत काय बसायचं 😄

---

तात्या_ट्रेंटन

@सुसाट_सुऱ्या पेट्रोलचे पैसे तू देणार असशील तर घेईल की तो. ऑल-व्हील टर्बो शहरात २२ देते, हायब्रिड ४२.

---

डेन्व्हरची_वहिनी

तात्यांचं जर्सीपुरतं बरोबर आहे, पण मी जरा दुसरी बाजू सांगते कारण हा धागा उद्या कोलोरॅडोतलं कुणीतरी वाचेल आणि आय-७० हायवेवर आम्हाला शिव्या घालेल.

आमच्याकडेही हायब्रिडच आहे. डेन्व्हर शहरात झकास. पण वीकेंडला डोंगरात जाताना आयझेनहॉवर टनेलपर्यंत चढ आहे, टनेल ११,१५८ फुटांवर. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के कमी होते, हवाच विरळ ना. म्हणजे वर पोचेपर्यंत १६२ हॉर्सपॉवरच्या नुसत्या पेट्रोल इंजिनाचे एकशेदहाच्या आसपास उरतात. बॅटरीला हवेशी काही घेणंदेणं नाही हे खरं, पण बॅटरी केवढी? १.१ किलोवॅट-अवर. नवऱ्याने एकदा हिशोब मांडला होता की माणसं-सामान धरून १८०० किलोची गाडी एवढ्या विजेवर फार तर सव्वादोनशे मीटर उंच जाईल, तेही काहीच वाया न जाता. डेन्व्हर ते टनेल चढ आहे जवळजवळ अठराशे मीटरचा! म्हणजे पहिल्या मोठ्या चढालाच बॅटरी हात वर करते आणि पुढचं सगळं त्या दमलेल्या इंजिनाच्या जिवावर. गाडी थांबत नाही, पण उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे बसायची मनाची तयारी ठेवायची आणि गाणी जरा मोठ्याने लावायची. टर्बो हवा दाबून आत भरतो, त्यामुळे त्याला ही उंची इतकी बाधत नाही.

ट्रेलर ओढायचा असेल तर अजून एक. सुरुवातीच्या वर्षांतल्या हायब्रिडला २००० पौंडांची मर्यादा आहे आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. ऑल-व्हील हायब्रिड २०२५च्या मॉडेलपासून मिळायला लागली, तिच्यावर ट्रेलर ओढायचं पॅकेज घेतलं तर ४०००.

पण बाब्या, तुझे ढोल आणि मल्च आणि जर्सीचा सपाट रस्ता असं असेल तर यातलं काहीच तुला लागू नाही. बिनधास्त घे.

---

कोथरूडकर_जोशी

मॅव्हरिक इकडे मिळत नाही त्यामुळे तिच्यावर बोलायचा मला अधिकार नाही, तरी पण बोलतो (पुणेकर असल्याने).

माझ्याकडे इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड आहे, तत्त्व तेच, दोन मोटरी आणि प्लॅनेटरी गिअर. घेतली तेव्हा मलाही हाच प्रश्न होता. शहरात डिझेल इनोव्हापेक्षा हलकी आणि चपळ वाटते, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर निम्मा वेळ इंजिन बंदच. खंबाटकीला सात माणसं आणि टपावर सामान घेऊन चढताना मात्र वहिनी म्हणतात तसा आवाज येतो, सासूबाईंनी विचारलं होतं की गाडीला काही झालंय का. काही झालं नव्हतं. वाईला पोचलो वेळेत.

बाकी ज्या पिढीने ३७ हॉर्सपॉवरच्या मारुती ८०० मध्ये पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घालून कशेडी घाट काढला त्या पिढीची मुलं १९१ हॉर्सपॉवर पुरतील का विचारतायत हे वाचून मौज वाटली.

---

एडिसनचा_बाब्या

सगळ्यांचे आभार. जोशीकाका, त्या ८०० मधला पाचवा माणूस मीच असायचो, पेट्यांच्या वर.

अपडेट देतो. शनिवारी दुसऱ्या एका माणसाची २०२३ची हायब्रिड बघायला गेलो, तो बिचारा म्हणाला न्या कुठे न्यायची ती. सरळ रूट २२ वर बेटातल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये नेली आणि बायकोला चालवायला बसवलं. तात्या म्हणाले तसं आधीच सांगून ठेवलं की चाचपायचं नाही, जागा दिसली की दाबायचं. पहिल्यांदा तिने अर्धवटच दाबलं, मागनं हॉर्न खाल्ला. परत फिरून आलो. दुसऱ्यांदा नीट दाबलं आणि लेनमध्ये शिरेपर्यंत ताशी ४५ मैल झाले होते, मागची व्हॅन अजून बरीच लांब होती. आवाज भरपूर आला. तिसऱ्यांदा ती स्वतःहून गेली, गरज नव्हती तरी.

सगळी ताकद पुढच्याच चाकांवर येते म्हणून ओल्या रस्त्यावर ती जरा घसरतील का अशी शंका होती, पण त्या दिवशी कोरडं होतं, ते पावसात कळेल. टायर तसेही बदलायला आलेत, ते धरून भाव पाडला.

परत येताना ती काहीच बोलली नाही, मग घराजवळ आल्यावर विचारते, बेड (मागचा उघडा हौदा) साडेचार फुटांचाच आहे ना, ढोल किती मावतील? मी म्हटलं चार तरी आरामात. म्हणजे पसंत आहे बहुतेक.

ढोल पावसात भिजू नयेत म्हणून मागे कव्हर कुठलं टाकावं, घडीचं की गुंडाळायचं? तात्या, तुमच्याकडे कुठलं आहे?

---

तात्या_ट्रेंटन

गुंडाळायचं. पण ढोल उभे ठेवलेस तर कव्हर बंद होणार नाही, आडवे ठेव आणि मध्ये जुन्या गोधड्या घाल. टेप घेऊन मापं काढ आधी, पथकाचे ढोल दिसतात त्यापेक्षा मोठे असतात.