मदत हवी आहे: ब्रॉडकास्ट फ्लॅग २००५ मध्येच रद्द झाला, मग माझ्या रेकॉर्डिंगला कुलूप कुणी लावलं?

अँटेनावाला:
मंडळी, अमेरिकेत राहतो. केबल कधीच बंद केली. माळ्यावर अँटेना आहे आणि गेल्या महिन्यात टीव्ही प्रक्षेपणाच्या नव्या पद्धतीचा, म्हणजे एटीएससी ३.० चा, ट्यूनर घेतला. आई सहा महिन्यांसाठी आली आहे. संध्याकाळी सातला अक्षरं ओळखायचा एक खेळ लागतो, तो तिला फार आवडतो, पण नेमकी तेव्हाच ती फिरायला जाते. म्हटलं, रेकॉर्ड करून ठेवू. तर यादीत त्या चॅनेलपुढे छोटं कुलूप दिसतं आणि सकाळी बघावं तर फाइल शून्य केबी. सलग तीन दिवस.

ट्यूनर कंपनीला मेल केला, तर म्हणे "सरकारी नियम". मला अंधुक आठवतंय की एफसीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाचा, 'ब्रॉडकास्ट फ्लॅग' नावाचा असा नियम कोर्टाने उडवला होता. मग हे काय आहे? आणि मी रेकॉर्ड करणं बेकायदा आहे का? आई रोज विचारते, "झालं का रे तुझं मशीन?"

निवृत्त_ग्रंथपाल:
आठवण बरोबर आहे तुमची. मी तेव्हा तिथल्याच एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते, त्यामुळे हा खटला आम्ही घरचं लग्न असल्यासारखा फॉलो केला.

नोव्हेंबर २००३ मध्ये एफसीसीने नियम काढला: १ जुलै २००५ नंतर बनणाऱ्या प्रत्येक डिजिटल टीव्ही रिसीव्हरने प्रक्षेपणातली एक खूण, म्हणजेच हा फ्लॅग, ओळखायची आणि खूण असली तर कार्यक्रम इंटरनेटवर मोकाट जाऊ द्यायचा नाही. त्याविरुद्ध अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, ग्रंथालयांच्या आणखी संघटना, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि पब्लिक नॉलेज या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्था आणि ग्राहक संघटना वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात गेल्या.

गंमत म्हणजे कोर्ट आधी आमच्यावरच अडलं. तुमचं नेमकं नुकसान काय, ते सांगा म्हणे. मार्च २००५ मध्ये जादा प्रतिज्ञापत्रं मागवली. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाने दाखवून दिलं की दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना टीव्हीवरचे छोटे तुकडे पाठवण्याचं आमचं काम या नियमाने अडेल. केस उभी राहिली ती त्यावर. सुनावणीत न्या. हॅरी एडवर्ड्स यांनी एफसीसीच्या वकिलांना "आता पुढचा नंबर वॉशिंग मशीनचा का?" अशा अर्थाचा टोला मारला होता. आमच्या ग्रंथालयात तो पुढे कित्येक दिवस चालला.

६ मे २००५ ला निकाल: प्रक्षेपण घरात पोचल्यावर यंत्राने त्याचं काय करायचं, हे ठरवायचा अधिकार काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, एफसीसीला दिलेलाच नाही. सत्तर वर्षांत आयोगाने असा अधिकार कधी सांगितलाही नव्हता, हे कोर्टाने मुद्दाम नोंदवलं. नंतर काँग्रेसकडून तो अधिकार मिळवायचे प्रयत्न झाले, पण तडीस गेले नाहीत. २०११ मध्ये एफसीसीने नियमांच्या पुस्तकातूनही ते कलम काढलं.

अँटेनावाला:
ताई, मनापासून आभार. पण मग माझं कुलूप?

सोल्डरिंग_दादा:
तिथेच मेख आहे. तेव्हाच्या फ्लॅगमध्ये कुलूप नव्हतंच. सिग्नल उघडाच यायचा, सोबत एक पुणेरी पाटी: "कृपया पुढे पाठवू नये". पाटी पाळायची सक्ती कायद्याने करावी लागत होती, म्हणून कोर्टाने कायदा काढून घेतल्यावर नुसती पाटी उरली. आता चॅनेलवाले सिग्नलच एन्क्रिप्ट करून पाठवतात. किल्ली हवी तर ट्यूनर बनवणाऱ्याने त्यांच्याशी करार करायचा आणि त्यातल्या अटी पाळायच्या. यात एफसीसीची सक्ती कुठेच नाही, त्यामुळे २००५ चा निकाल या कुलपाला लागत नाही. "सरकारी नियम" ही चक्क थाप आहे. तुमच्या डब्याला किल्ली मिळालेली नाही, एवढंच.

निवृत्त_ग्रंथपाल:
आणि कायद्याचं म्हणाल तर वेळ बदलून बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं १९८४ च्या बीटामॅक्स (सोनीचा व्हिडिओ रेकॉर्डर) निकालापासून चालतं. सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने झालं होतं. पण एन्क्रिप्शन फोडायचं सॉफ्टवेअर शोधत बसू नका. १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा नक्कल करण्याआधी कुलूप तोडण्यालाच पकडतो. मी वकील नाही, हे लक्षात असू द्या.

सोल्डरिंग_दादा:
तोडायची गरजही नाही. तेच स्टेशन जुन्या १.० पद्धतीनेही दिसतं आणि ते उघडं असतं. माझ्या यादीत ३.० वाल्या नंबरच्या आधी जास्तीचा १ लागतो, म्हणजे १११.१ ला कुलूप, ११.१ मोकळं. तुमच्याकडे बघा. दोन्हीकडे जवळजवळ तेच कार्यक्रम दाखवायची अट एफसीसीने २०२३ मध्ये जुलै २०२७ पर्यंत वाढवली होती. पुढचं पुढे.

अँटेनावाला:
रेकॉर्ड झालं! अर्ध्या तासाची फाइल, तीन जीबीच्या आसपास. रात्री नऊला लावलं, आईने पहिलं कोडं माझ्या आधी सोडवलं.

दादा, अजून एक. १.० वर चित्र मधूनच चौकोनी तुकडे होऊन फुटतं, ३.० वर फुटत नव्हतं. अँटेना फिरवू की मधे ॲम्प्लिफायर टाकू?