करारापेक्षा यादी
लग्नाआधी वधू-वरांनी पैसा-मालमत्तेबाबत लेखी करार करावा का, या चर्चेत मांडले गेलेले ‘लग्नाआधी करार म्हणजे संशयाचे बीज’ हे मत मला पटत नाही. मात्र गोव्याबाहेर हिंदू विवाहात अशा कराराला कायद्याचा भक्कम आधार नाही आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो, हेही खरे. चर्चेत न आलेली बाब अशी की, हुंडा प्रतिबंध कायद्याखालील १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नातील भेटवस्तूंची यादी, अंदाजे किंमत व देणाऱ्याच्या नावासह लिहून, तिच्यावर वधू-वर दोघांनीही सही करायची असते.

कोल्हापुरात भाचीच्या लग्नात आम्ही ती केली आणि गुजरीतल्या (तिथल्या सराफ बाजारातल्या) दागिन्यांच्या पावत्याही सोबत जोडल्या. मुलाकडच्यांच्या कपाळावर प्रथम आठ्या पडल्या, पण पुढे त्यांच्याच आत्याबाईंनी पाटल्यांचे वजन (तेही मिलिग्रॅमपर्यंत!) सांगून यादी दुरुस्त करून घेतली.