हुरडा नोव्हेंबरात आणि फ्लेमिंगो डिसेंबरात? पुण्याच्या थंडीची ही यादी केली कोणी?

मुठेकाठचा:
कालच्या धाग्यात वीकेंडवीर यांनी पुण्याच्या थंडीत करायच्या पाच गोष्टी दिल्या. रात्रभर सवाई गंधर्व संगीत महोत्सव, रविवारी सकाळी गाडीने सिंहगड, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भिगवणचे फ्लेमिंगो, नोव्हेंबरअखेर हुरडा आणि रोज पहाटे टेकडीवर 'शुद्ध हवा'. गोष्टी पाचही बरोबर, वेळा पाचही चुकलेल्या. वर शंभर जणांनी 'सेव्ह केलं' म्हणून लिहिलंय, म्हणून हा खटाटोप.

सवाई १९५३ पासून आहे, पण रात्रभर चालायची ते दिवस ध्वनिक्षेपकाच्या दहाच्या मर्यादेने कधीच संपवले. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, एवढंच. रमणबागेचं मैदानही सुटलं, आता मुकुंदनगर. दुचाकी नेलीत तर ती लावेपर्यंत आत आलापी संपलेली असते. स्वारगेट मेट्रोला उतरून चालत जा. भारतीय बैठकीत बसणार असाल तर दुसरी शाल नको, बुडाखाली घालायला जाड घडी न्या. आठनंतर मैदान गार पडतं आणि थंडी खालून चढते.

सिंहगडावर रविवारी वरचं पार्किंग भरलं की गोळेवाडी नाक्यावर गाड्या अडवतात. वरच्या उतरल्याशिवाय खालच्या सोडत नाहीत. त्यापेक्षा ५० नंबरच्या बसने पायथा गाठा आणि आतकरवाडीतून चढा, सव्वा-दीड तास लागतो. थंडीत वाटेवरचा मुरूम सुटा होतो. चढताना कळत नाही, उतरताना माणूस बसतो. तळवे झिजलेले बूट घरी ठेवा.

भिगवणला डिसेंबरात उजनी धरणाचं पाणी बहुतेक तुडुंब असतं. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी घालून उथळ पाण्यातला चिखल गाळतो, त्याला तुमचं खोल पाणी काय कामाचं? पाणी ओसरून दलदल उघडी पडली की या. जानेवारीअखेर ते मार्च.

आणि नोव्हेंबरातला हुरडा? रब्बी ज्वारी तेव्हा कमरेला लागत असते हो!

वीकेंडवीर:
एवढं लांबलचक लिहिण्यापेक्षा स्वतःची यादी काढायची होती. शाळांना सुट्टी नाताळात असते, जानेवारीअखेर नसते. फ्लेमिंगो आपल्या सोयीने येत नाहीत हे मान्य, सुट्टीही येत नाही. आणि शिरूर, दौंडकडच्या कृषी पर्यटनवाल्यांच्या पाट्या बघा. 'हुरडा सुरू' नोव्हेंबरातच लागते. ते काय वाळू भाजून देतात?

माळदांडी:
वाळू नाही, पण फार लांबही नाही. ते लोक हुरड्याची ज्वारी पाणी देऊन ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी टप्प्याटप्प्याने पेरतात, म्हणून नोव्हेंबरात कणीस मिळतं. खरी रब्बीची पेर सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबर मध्य. त्यापुढे ९० ते १०० दिवस मोजा, म्हणजे डिसेंबर मध्य ते जानेवारी. उष्म्यात दाणा भराभर टणक होतो. थंडीत सावकाश भरतो, म्हणून हुरड्याचे दिवस जास्त मिळतात.

पाटीपेक्षा नखावर विश्वास ठेवा. दाणा दाबला आणि पांढरं दूध उडालं तर तो अजून चिकात आहे, भाजला की आकसून सालपट उरतं. नख रुतलंच नाही तर भाकरीची ज्वारी झाली. नख सहज रुतावं, आत मऊ लगदा असावा, पण तो वाहू नये.

वाणही विचारा. सुरती, गूळभेंडी, कुचकुची किंवा राहुरीच्या विद्यापीठाची फुले उत्तरा. यांचा दाणा बोंडातून चोळताच सुटतो. मालदांडीचा सुटत नाही, अर्धं बोंड दातात येतं. (माझं नाव बघून हसू नका.)

डेक्कनकरीण:
एवढं शास्त्र कशाला? सोललेल्या हुरड्याचं पाकीट आणायचं, तूप सोडून परतायचं, वर शेव, लिंबू. दहा मिनिटांत हुरडा.

माळदांडी:
तो उपमा झाला. कणीस मोडलं की दाण्यातल्या साखरेचं पिठूळ व्हायला लागतं. सकाळी सोललेला दाणा संध्याकाळी पाकिटात चिकट आणि बेचव. त्यावर तूप आणि शेव म्हणजे मढ्याला अत्तर.

आगटी अशी करतात. वीतभर खोल खड्डा, त्यात आठ-दहा वाळलेल्या गोवऱ्या. ज्वाळा आणि धूर दोन्ही जाईपर्यंत थांबायचं, अर्धा तास सहज जातो. घाई केली तर कणसाला धुराचा कडवटपणा येतो आणि लोक ज्वारीला दोष देतात. कणसं निखाऱ्यावर नाही, कडेच्या गरम राखेत खुपसायची आणि फिरवत राहायचं. दाणा चटकायला लागला की बाहेर. गरम असतानाच गोणपाटावर चोळायचा, सुपात पाखडायचा, लगेच खायचा. गार झाला की चामडं. माणशी पाव किलो पुरतो. चटणी कोरडीच हवी, शेंगदाणा-लसूण किंवा जवसाची. ओल्या चटणीने त्याचा गोळा होतो. गूळ, रेवडी, बोरं जोडीला. पाणी नंतर, आधी ताक.

डेक्कनकरीण:
चौथ्या मजल्यावर वीतभर खड्डा कुठे खणू, लिफ्टमध्ये? शहरात थंडीत काय करायचं हा धागा आहे, शेतात काय करायचं हा नाही. पाकिटातला हुरडा चांगला होत नाही हे चूक आहे, लोक करतात चुकीचा. जाड लोखंडी तवा, थेंबभरही तेल नाही, दाणे एका थरात. पाण्याचा हबका, दोन मिनिटं झाकण, मग झाकण काढून मोठ्या आचेवर मिनिटभर. दाणा आधी वाफेने मऊ होतो, मग चटकतो. उलट केलंत तर दगड. आणलं त्याच दिवशी करायचं, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये. खालच्या खणात ठेवलात तर तुमचं ते पिठूळ होणारच.

माळदांडी:
मघाशी तूप होतं, आता थेंबभरही तेल नाही. प्रगती आहे. वाफेचं बरोबर आहे, तेवढं घेतो. हुरडा म्हणणार नाही.

वीकेंडवीर:
माझ्या पाच मुद्द्यांपैकी चार वाऱ्यावर गेले आणि भांडण हुरड्यावर. टेकडीचं काय झालं?

मुठेकाठचा:
टेकडीचं वाईटच झालं. थंडीत पहाटे गार हवा खोलगटात साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. शेकोट्या, पेटवलेला कचरा, डंपर, सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली. सहा-सातला शुद्ध हवा नसते, गार असते. लोकांना फरक कळत नाही. साडेनऊ-दहाला ऊन तापलं की झाकण मोडतं.

दुर्बीण:
अर्धंच सांगितलंत. धूर नदीकाठी आणि रस्त्यांवर साचतो. वेताळ टेकडीचा माथा बऱ्याच पहाटे झाकणाच्या वर असतो. तिथून खाली करडा थर स्पष्ट दिसतो आणि वर थंडीही कमी वाजते. म्हणून पाषाणला कुडकुडलेला माणूस माथ्यावर स्वेटर काढतो. वाईट आहे ते पहाटेचं चालणं नाही, नदीपात्रातलं चालणं. आणि भिगवण डिसेंबरात अगदीच फुकट नाही. पट्टकदंब हंस आणि चक्रवाक बदकं तेव्हा असतात. कुंभारगावातून उजाडताच होडी घ्या, सूर्य पाठीशी राहील अशी बसा आणि नावाड्याला थव्यात होडी घालू देऊ नका. पक्षी उडाले की फोटो त्यांच्या शेपट्यांचा.

मुठेकाठचा:
माथ्याचं मान्य. पण माथ्यावर पोचायला जो रस्ता चढता तो झाकणाखालूनच जातो, तेही लिहा.

वीकेंडवीर:
यादी दुरुस्त केली. हुरडा जानेवारी, सवाई दुपारपासून, भिगवणपुढे 'फ्लेमिंगो असतील तर'. सिंहगड गाडीनेच ठेवतोय, माझ्या आईचे गुडघे आतकरवाडीतून चढत नाहीत. वार बदलून मंगळवार केला.

डेक्कनकरीण:
मंगळवारी कोणाला सुट्टी असते?

माळदांडी:
आधी गोवऱ्या पुण्यात कुठे मिळतील ते सांगा, मग वार ठरवू.